पहिलं कंपाउंड धनुष्य घेताय? पैसे मोजण्याआधी ‘वाव’ मोजा

5 ऑगस्ट 2023. जर्मनीतलं बर्लिन शहर. जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या फायनलला साताऱ्याची अदिती स्वामी उभी होती. वय फक्त 17. समोर मेक्सिकोची अँड्रिया बेसेरा. दोघींचे 15-15 बाण सुटले आणि स्कोअर लागला 149-147. अदिती जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचा विश्वविजेता ठरला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकलेले.

त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं होतं. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसनं तीन सुवर्णपदकं आणली. सातारा, नागपूर, बुलढाणा अशी गावांची नावं टीव्हीवर दिसायला लागली आणि घराघरांत एक प्रश्न आला, “आमच्या पोरीला पण शिकायचंय. ते चाकावालं धनुष्य केवढ्याला येतं?”

प्रश्न साधा आहे, पण इथेच गडबड होते. कारण पहिलं कंपाउंड धनुष्य घेताना ‘केवढ्याला’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. त्याआधी तीन-चार गोष्टी मोजायच्या असतात, आणि त्या सगळ्या घरबसल्या, एक रुपयाही खर्च न करता मोजता येतात.

बीडकरांसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे धावत धावत ऑलिम्पिकला गेला. धावायला सुरुवात करायची तर बूट आणि रस्ता पुरतो. तिरंदाजीत तसं नाही. इथे साहित्यच महाग आहे. अदितीचे वडील शिक्षक आहेत, तरीही मुलीच्या साहित्यासाठी त्यांना कर्ज काढावं लागलं होतं. नोकरदार घराची ही गत, तर पावसावर आणि उसाच्या हंगामावर चालणाऱ्या घरानं चुकीचं धनुष्य घेतलं, तर दुसरं घ्यायची संधी मिळतेच असं नाही. मग धनुष्य खुंटीला लागतं आणि पोरीचा खेळही तिथेच थांबतो.

म्हणून हे सगळं नीट, पायरीपायरीनं समजून घेऊ.

कंपाउंड धनुष्य म्हणजे नेमकं काय?

आपल्या डोक्यात धनुष्य म्हटलं की वाकवलेला बांबू आणि त्याला बांधलेली दोरी येते. त्यात दोरी जितकी मागे ओढाल तितका जोर वाढत जातो. पूर्ण ओढल्यावर सगळ्यात जास्त जोर लागतो आणि नेमबाजी नेमकी त्याच वेळी करायची असते. हात थरथरतो तो त्यामुळे.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसानं यावर तोडगा काढला. त्यानं धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवली. 1966 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 च्या शेवटी पेटंट मिळालं. कंपाउंड धनुष्याचा जन्म तिथला.

या चाकाला ‘कॅम’ म्हणतात. विहिरीवरच्या रहाटाचं चाक बरोबर मध्यावर फिरतं. कॅम तसा नसतो. त्याचा आस मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो किंवा त्याचा आकारच अंड्यासारखा असतो. त्यामुळे दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण शेवटच्या टप्प्यात कॅम फिरला की वजन एकदम हलकं होतं. याला ‘लेट-ऑफ’ म्हणतात.

हिशोब सोपा आहे. धनुष्य 30 पौंडांचं आहे आणि लेट-ऑफ 80 टक्के आहे. म्हणजे ओढताना तुम्हाला 30 पौंड, साधारण साडेतेरा किलो जोर लावावा लागेल. पण पूर्ण ओढून नेम धरताना हातावर फक्त 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास भार राहील. ऑलिम्पिकमध्ये दिसणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यात ही सोय नाही. तिथे 40 पौंड ओढले तर 40 पौंडच धरून ठेवायचे.

शिवाय कंपाउंडमध्ये भिंगाचा स्कोप, दोरीत बसवलेलं ‘पीप’ नावाचं बारीक छिद्र आणि दोरी सोडायला ‘रिलीज’ नावाचं बटणाचं उपकरण वापरता येतं. त्यामुळे नेम अचूक लागतो. म्हणूनच 150 पैकी 149 गुण घेऊनही काही वेळा सामना हातातून जातो.

आधी हे ठरवा: कंपाउंडच हवं का?

आपल्याकडे तिरंदाजीच्या स्पर्धांत मुख्यतः तीन प्रकार असतात.

इंडियन: बांबू किंवा लाकडाचं साधं धनुष्य. भिंग नाही, चाकं नाहीत. काही हजारांत काम भागतं. राष्ट्रीय पातळीपर्यंत याच्या स्वतंत्र स्पर्धा होतात.

रिकर्व्ह: टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक याच प्रकारात आहे. निशाण 70 मीटरवर असतं. टोकियो ऑलिम्पिक खेळलेला फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच प्रकारातला.

कंपाउंड: निशाण 50 मीटरवर. जागतिक स्पर्धेत 1995 पासून आणि आशियाई स्पर्धेत 2014 पासून आहे. ऑलिम्पिकमध्ये मात्र 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा येतोय, आणि तोही फक्त मिश्र सांघिक, म्हणजे एक पुरुष आणि एक महिला अशा जोडीच्या प्रकारात.

म्हणजे “मला ऑलिम्पिकमध्ये एकट्यानं पदक जिंकायचंय” असं डोक्यात असेल, तर आजच्या घडीला रस्ता रिकर्व्हचा आहे. शाळेकडून खेळून बघायचं असेल तर इंडियन धनुष्य हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. उभं कसं राहायचं, खांदा कसा ठेवायचा, श्वास कसा धरायचा हे सगळं त्यावर शिकता येतं. सहा महिन्यांनी पोराची आवड टिकली तर कंपाउंडचा विचार करायचा. नाही टिकली तर नुकसान काही हजारांचं, लाखांचं नाही.

आणखी एक गोष्ट. तुमच्या आसपासचा प्रशिक्षक कोणता प्रकार शिकवतो ते बघा. कंपाउंड हे यंत्र आहे. त्याची दोरी बदलायची असेल, कॅम जुळवायचा असेल तर ‘बो-प्रेस’ नावाचं उपकरण लागतं. ते घरी हातानं दाबून करायचं काम नाही, त्यात जीवावर बेतू शकतं. प्रशिक्षकाकडे बो-प्रेस नसेल तर प्रत्येक दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईची वारी ठरलेली.

पहिली चाचणी: तुमचा डोळा कोणता?

हात उजवा म्हणून धनुष्य उजवं, असा समज असतो. तिरंदाजीत हाताइतकाच डोळा बघायचा असतो.

दोन्ही हात समोर लांब करा. दोन्ही तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक तयार करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून लांबची एखादी वस्तू बघा, समजा भिंतीवरचं घड्याळ. आता डावा डोळा मिटा. घड्याळ जागेवर दिसतंय? मग तुमचा उजवा डोळा प्रबळ. घड्याळ गायब झालं? मग डावा.

उजवा डोळा प्रबळ असेल तर शक्यतो उजव्या हातानं दोरी ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात धरायचं. त्याला ‘राइट हँड’ धनुष्य म्हणतात. डोळा डावा आणि हात उजवा असेल तर प्रशिक्षकाशी बोलूनच ठरवा. कारण कंपाउंड धनुष्य उलटं करून वापरता येत नाही. राइट हँड घेतलं की ते राइट हँडच राहतं.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची चाचणी: वाव

आपल्याकडची जुनी माणसं विहिरीची खोली वावांत सांगायची. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे वाव. कंपाउंड धनुष्याची निवड याच मापावर उभी आहे.

भिंतीला पाठ लावून उभे राहा. हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरा. ओढून-ताणून नाही, सहज. दुसऱ्या कुणाला तरी टेपनं माप घ्यायला सांगा. येणारं माप इंचांत घ्या आणि त्याला 2.5 नं भागा. जो आकडा येईल ती तुमची अंदाजे ‘ड्रॉ लेंथ’, म्हणजे तुम्ही दोरी किती मागे ओढणार ते अंतर.

उदाहरण घेऊ. समजा केज तालुक्यातली नववीतली मुलगी आहे. तिची वाव 155 सेंटिमीटर, म्हणजे 61 इंच. भागिले 2.5, उत्तर साधारण साडेचोवीस इंच. दोन वर्षांत ती वाढली, वाव झाली 165 सेंटिमीटर, म्हणजे 65 इंच. आता ड्रॉ लेंथ 26 इंच. दीड इंचाचा फरक पडला.

दीड इंच म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कंपाउंडमध्ये हा फरक फार मोठा असतो. रिकर्व्ह किंवा बांबूचं धनुष्य कुणीही आपापल्या हाताप्रमाणे कमी-जास्त ओढू शकतो. कंपाउंडमध्ये कॅम एका ठरावीक जागी येऊन थांबतो. त्याच्या पुढे दोरी जात नाही आणि त्याच्या अलीकडे हलकेपणा मिळत नाही. म्हणजे धनुष्यच ठरवतं की तुम्ही किती ओढायचं.

ड्रॉ लेंथ जास्त असेल तर पोरगी मागे झुकते, मान वाकडी होते, दोरी हाताला लागते. कमी असेल तर सगळं आखडून जातं, खांदे वर येतात. दोन्हीत बाण भरकटतात आणि सवय मोडायला पुढे वर्ष जातं. “पोरगी वाढेल की, जरा मोठंच घेऊन टाकू” हे शाळेच्या गणवेशाला चालतं, कंपाउंड धनुष्याला अजिबात नाही.

यावर उपाय आहे. काही धनुष्यं खास वाढत्या वयाच्या आणि नवशिक्या लोकांसाठी बनवलेली असतात. उदाहरणार्थ, ‘डायमंड इन्फिनिट एज प्रो’ या धनुष्याची ड्रॉ लेंथ 13 ते 31 इंच आणि वजन 5 ते 70 पौंड इतकं बदलता येतं. ‘बेअर क्रूझर जी-2’ हेही त्याच जातीचं, 12 ते 30 इंच आणि 5 ते 70 पौंड. ‘जेनेसिस’ नावाच्या धनुष्याला तर लेट-ऑफच ठेवलेला नाही. 15 ते 30 इंचांपर्यंत कुणीही ओढा, वजन 10 ते 20 पौंड. अमेरिकेतल्या शाळांच्या तिरंदाजी उपक्रमात हेच वापरतात, कारण एका धनुष्यावर अख्खा वर्ग शिकतो.

हेच मॉडेल घ्या असं आमचं म्हणणं नाही. मुद्दा एवढाच की माप बदलण्याची सोय किती आहे आणि ती बो-प्रेसशिवाय, फक्त स्क्रू सैल करून करता येते का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारायचेच. काही धनुष्यांत माप बदलायला ‘मोड्यूल’ नावाचा सुटा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. तो भारतात मिळतो का, हेही विचारा.

तिसरी चाचणी: पौंडेज, म्हणजे इगो बाजूला

धनुष्य ओढायला लागणारा जोर पौंडांत मोजतात. मैदानावरची पोरं त्याला ‘पौंडेज’ म्हणतात. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. जिममध्ये जाणारा मुलगा म्हणतो, “60 चं द्या.”

जागतिक नियमांनुसार स्पर्धेत कंपाउंडची कमाल मर्यादाच 60 पौंड आहे. म्हणजे जगज्जेतेसुद्धा याच्या वर जाऊ शकत नाहीत. आणि धनुष्य ओढायला लागतात ते पाठीचे स्नायू, दंड नाही. जिममधल्या दंडाचा इथे फार उपयोग होत नाही.

ढोबळमानानं सुरुवात अशी करतात: 10 ते 13 वर्षांच्या मुलांना 15 ते 25 पौंड, त्यापुढच्या शाळकरी मुलामुलींना 25 ते 35, मोठ्या महिलांना 30 ते 40 आणि मोठ्या पुरुषांना 40 ते 50. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. खरी परीक्षा वेगळीच आहे.

खुर्चीवर बसा. धनुष्य निशाणाच्या दिशेनं सरळ धरा. आता दोरी ओढा. धनुष्य आभाळाकडे न उचलता, कमरेला हिसका न देता ओढता आलं पाहिजे. मग काही सेकंद स्थिर धरा आणि तितक्याच सावकाश परत सोडा. हे दहा-बारा वेळा जमलं तर वजन बरोबर. दातओठ खावे लागले तर वजन जास्त.

का? कारण पात्रता फेरीत 72 बाण मारायचे असतात. सरावाचे बाण त्याच्या आधीचे वेगळे. पहिल्या बाणाला जोर दाखवून काही मिळत नाही, 72 वा बाण पहिल्यासारखा सुटला पाहिजे. जड धनुष्यानं खांदा दुखावला तर महिनोन् महिने मैदान बंद.

एक नियम मात्र कोरून ठेवा. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडायची नाही. याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्यातच फुटते. दोरी तुटते, कॅम वाकतो, लिंब म्हणजे धनुष्याची पाती तडकतात आणि तुकडे तोंडावर येऊ शकतात. पाहुणे आले आणि “बघू रे, जरा ओढून” म्हणाले तर हात जोडून नाही म्हणा.

जाहिरातीतला वेग आणि तुमचा वेग

ऑनलाइन बघाल तर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, वेग 320 फूट प्रति सेकंद, 340 फूट प्रति सेकंद. माणूस तिथेच भुलतो.

हे आकडे बहुतेक वेळा 70 पौंड वजन, 30 इंच ड्रॉ लेंथ आणि 350 ग्रेनचा हलका बाण धरून काढलेले असतात. आपल्या केजच्या मुलीचं माप साडेचोवीस इंच आणि वजन 28 पौंड. तिला तो वेग मिळणारच नाही आणि त्याची गरजही नाही. 50 मीटरवरच्या कागदाच्या निशाणाला वेगापेक्षा सातत्य लागतं.

त्याऐवजी दोन मापं बघा. पहिलं ‘ॲक्सल टू ॲक्सल’, म्हणजे एका कॅमच्या आसापासून दुसऱ्या कॅमच्या आसापर्यंतची लांबी. शिकारीची धनुष्यं आखूड असतात, साधारण 28 ते 33 इंच. निशाणबाजीची लांब असतात, 36 ते 40 इंच. लांब धनुष्य हातात जास्त स्थिर राहतं. बुटक्या किंवा लहान मुलांना थोडं आखूड चालतं.

दुसरं ‘ब्रेस हाइट’, म्हणजे दोरी सैल असताना मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. ते 7 इंचांच्या आसपास किंवा जास्त असेल तर धनुष्य तुमच्या बारीकसारीक चुका पोटात घालतं. कमी असेल तर वेग मिळतो, पण प्रत्येक चूक निशाणावर दिसते. नवशिक्यानं चुका पोटात घालणारं धनुष्य घ्यावं.

फक्त धनुष्य घेऊन भागत नाही

आता पैशांचं बोलू. दुकानात सांगितलेली किंमत अनेकदा फक्त धनुष्याची असते. त्याला ‘बेअर बो’ म्हणतात आणि त्यानं एकही बाण नीट मारता येत नाही. त्यासोबत हे लागतं:

- बाण टेकवायचा ‘ॲरो रेस्ट’
- नेम धरायचा ‘साइट’ आणि दोरीतलं पीप
- दोरी सोडायचा रिलीज (नवशिक्यांना सहसा मनगटाला पट्ट्यानं बांधायचा सोपा जातो)
- दोरीला रिलीज अडकवायचा ‘डी-लूप’
- धनुष्य स्थिर ठेवणारी पुढची दांडी, म्हणजे ‘स्टॅबिलायझर’
- आर्म गार्ड, बाण ठेवायचा भाता, धनुष्याची पेटी
- आणि अर्थातच बाण

म्हणून एकूण बजेटचे सरळ दोन भाग करा. साधारण दोनतृतीयांश धनुष्याला आणि एकतृतीयांश या सगळ्याला. 50 हजार हातात असतील तर 50 हजारांचं धनुष्य बघायचं नाही. नवशिक्यांसाठी काही कंपन्या साइट, रेस्ट, भात्यासकट तयार संच देतात. सुरुवातीला तो स्वस्त पडतो.

कंपाउंड धनुष्यं बहुतेक परदेशातून येतात. त्यामुळे डॉलर आणि आयात शुल्काप्रमाणे किंमत हलते. मोठ्या स्पर्धेचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. पण तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या धनुष्याचा विषय आहे. पहिल्या धनुष्यासाठी कर्ज काढू नका. कर्ज काढायची वेळ आलीच, तर ती खेळाडूनं राज्य पातळीवर स्वतःला सिद्ध केल्यावर यावी.

बाण धनुष्याइतकाच महत्त्वाचा

“बाण काय, कुठलेही चालतील” हे वाक्य धोकादायक आहे. बाण किती ताठ आहे याला ‘स्पाइन’ म्हणतात. 28 इंचांवर दोन टेकू देऊन बाणाच्या मध्यावर 1.94 पौंड वजन लटकवलं आणि तो अर्धा इंच वाकला, तर त्याचा स्पाइन 500. म्हणजे आकडा जितका लहान तितका बाण ताठ. तुमचं पौंडेज, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन यावर योग्य स्पाइन ठरतो. बाण कंपन्या त्याचे तक्ते देतात. ते बघूनच बाण घ्या.

बाण खूप हलकाही नको. दर पौंडाला किमान 5 ग्रेन, असा ढोबळ नियम आहे. 30 पौंडांच्या धनुष्याला कमीत कमी 150 ग्रेन, म्हणजे जवळपास 10 ग्रॅमचा बाण. त्याहून हलका बाण म्हणजे अर्धा ड्राय फायरच. सुरुवातीला थोडा जड बाण घेतलेला बरा.

कार्बनचा बाण मारण्याआधी हातात धरून हलकेच वाकवून बघा. कडकड आवाज आला किंवा चीर दिसली तर तो बाण तिथेच मोडून टाका. तडकलेला बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो. सुरुवातीला 8 ते 12 बाण पुरतात, कारण काही हरवणार, काही मोडणार हे गृहीत धरायचं.

जुनं धनुष्य घ्यावं का?

हो, पण तपासून. सीनियर खेळाडू नवं घेतात तेव्हा जुनं चांगल्या भावात मिळतं. बघायचं काय?

- लिंबांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तिथे बारीक तडा आहे. असं धनुष्य फुकट दिलं तरी घेऊ नका.
- दोरी आणि केबलचे धागे सुटलेत का? दोरी शेवटची कधी बदलली? नव्या दोरीचा आणि केबलचा खर्च किमतीतून वजा करा.
- कॅम वाकलाय का? दोरी कॅमच्या खाचेत सरळ बसते का?
- ड्रॉ लेंथ तुमच्या मापाला येते का? खेळाडू सहा फुटी आणि तुमची मुलगी पाच फुटी असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी उपयोग नाही.
- ड्राय फायर झालंय का, हे थेट विचारा.

आणि हे सगळं प्रशिक्षकाला सोबत घेऊन करा.

ऑनलाइन ‘शिकारी’ धनुष्य दिसलं तर?

झाडापानांची नक्षी, सोबत पातं लावलेले बाण आणि किंमत आकर्षक. सोशल मीडियावर अशा जाहिराती दिसतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे. पात्याचे बाण निशाणाच्या मैदानावर चालत नाहीत, ते निशाणच फाडतात. शिकारीचं धनुष्य आखूड आणि बहुतेक वेळा जड असतं. शिकण्यासाठी ते वापरताच येत नाही असं नाही, पण माप आणि वजन तुमचं असेल तरच. पातं मात्र घेऊच नका.

बीडमध्ये राहून काय काय सांभाळायचं?

पहिलं म्हणजे ऊन. बीडचा मे महिना 40 अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीत त्याहून जास्त. धनुष्य गाडीत, पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवू नका. उष्णतेनं दोरी लांबते, लिंबांचे थर सुटू शकतात. घरात, सावलीत, पेटीत ठेवा. दोरीला वरचेवर मेण लावा.

दुसरं म्हणजे जागा. “आपलं रान आहे की, तिथे मारू” हे बोलायला सोपं आहे. पण 30 पौंडांच्या कंपाउंडचा चुकलेला बाणही शंभर-दीडशे मीटर सहज जातो. रानात गडी काम करतात, जनावरं चरतात, पायवाट असते. निशाणाच्या मागे उंच मातीचा बांध किंवा टेकडीचा उतार हवा, आणि त्याच्या पलीकडे कुणी येणार नाही याची खात्री हवी. उसाच्या फडाकडे तोंड करून मारू नका. आत कोण आहे ते दिसत नाही आणि गेलेला बाणही सापडत नाही. सुरुवात 5 ते 10 मीटरवरून करा. साताऱ्यात अदिती जिथे शिकली, ते मैदानही उसाच्या शेतातच तयार झालेलं होतं. फरक इतकाच की तिथे प्रशिक्षक होता, निशाणं होती आणि शिस्त होती.

तिसरं म्हणजे चौकशी. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि चार प्रश्न विचारा. जिल्ह्यात मान्यताप्राप्त तिरंदाजी प्रशिक्षण कुठे चालतं? शालेय स्पर्धेत आपल्या वयोगटात कोणते प्रकार आहेत? साहित्यासाठी सध्या काही योजना आहे का? क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या कधी होतात? प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, शिकणं आणि सराव यांची सोय सरकारकडून होते. प्रवीण जाधव याच वाटेनं पुढे गेला. त्याचे आई-वडील मजुरी करायचे.

थोडक्यात, क्रम असा

1. आधी दोन-तीन महिने प्रशिक्षकाच्या किंवा क्लबच्या धनुष्यावर शिका. तशी सोय नसेल तर इंडियन धनुष्यावर.
2. प्रबळ डोळा तपासा.
3. वाव मोजा, 2.5 नं भागा.
4. बसून ओढता येईल तेवढंच पौंडेज ठरवा.
5. माप आणि वजन बदलता येणारं, फार आखूड नसलेलं धनुष्य शोधा.
6. बजेटचा तिसरा हिस्सा बाण आणि बाकी साहित्याला राखून ठेवा.
7. घेण्याआधी दुकानात प्रत्यक्ष ओढून बघा. ज्यानं वापरायचंय त्यानं. बापानं ओढून पोरीसाठी घ्यायचं नाही.
8. दुरुस्ती कुठे होणार ते विचारा. मगच पैसे मोजा.

या यादीत कंपनीचं नाव कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. कारण पहिलं धनुष्य कंपनी बघून घ्यायचं नसतं. शेजारच्यानं कोणतं घेतलं, रीलमध्ये कोणतं दिसलं, जगज्जेता कोणतं वापरतो, हे सगळं नंतर. जगज्जेत्याचं धनुष्य त्याच्या अंगाला बेतलेलं असतं. तुमच्या पोरीचं तिच्या अंगाला बेतलेलं हवं, आणि तेही आजच्या अंगाला.

घरात टेप असेलच. आज संध्याकाळी तिला भिंतीला टेकून उभं करा आणि हात पसरायला सांगा. सुरुवात तिथूनच होते.